छत्तीस शून्यं

सात जून, सकाळचे नऊ चाळीस. अकोल्यातल्या एका महाविद्यालयाची जैवतंत्रज्ञानाची प्रयोगशाळा, तळमजला. आदल्या दुपारी शहराचा पारा पंचेचाळीसवर गेला होता. जिवाणू वाढवायच्या कपाटाचा काटा सदतीसवर होता.

“मलाच कंट्रोल का दिलं, मॅडम?”

विचारणारा निनाद गावंडे, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा. समोर डॉ. इंदुमती तायडे. एकतीस वर्षं त्या याच टेबलामागे बसत आल्या आहेत.

“कुणाला तरी द्यायचंच होतं.”

“मग शर्वरीला का नाही?”



उन्हाळ्याचा प्रकल्प दोघांचा होता. शर्वरी काळमेघ कापडाच्या तुकड्यावर चांदीचे नॅनोकण चढवून तो जिवाणूंच्या प्लेटवर ठेवायची. दुसऱ्या सकाळी तुकड्याभोवती स्वच्छ कडं दिसायचं. तिथं जिवाणू वाढलेले नसत. ते कडं पट्टीने मोजायचं. निनादच्या प्लेटवर त्याच गुंडाळीतलं साधं कापड असायचं, बिनचांदीचं. यालाच कंट्रोल म्हणायचं. त्याच्याभोवती कडं पडायला नको. ते पडलं नाही, तरच शर्वरीचं कडं चांदीचं म्हणायचं.

मेअखेरीस गावच्या दैनिकात फोटो आला. शर्वरी, तिच्या हातात प्लेट. मथळा होता, ‘चांदीची पट्टी करणार जखमेचं रक्षण’. साध्या कापडाबद्दल बातमीत एक शब्द नव्हता. विचारायला कोणी आलंही नव्हतं.

“तिला तुम्ही शर्वरी म्हणता. मला गावंडे.”

“निनाद म्हटलं की वॉचमन येतो. त्याचंही नाव निनाद आहे.”

निनाद हसला नाही.

“महिनाभर मी शून्यं लिहिली, मॅडम. आज दहा वाजता वर सभागृहात समिती बसणार. पुढच्या वर्षीच्या संशोधनाची जागा एकच. बोलणार ती. मी काय करणार, स्लाइड पुढे सरकवणार?”

“बोलायचंय तुला?”

“हो.”

“काय?”

त्याने पिशवीतून जेवणाचा डबा काढला. झाकण उघडलं. आत रुमालात गुंडाळलेली प्लेट होती.

“डब्यात?” मॅडम म्हणाल्या. “पुन्हा यात जेवू नकोस.”

त्यांनी प्लेट उजेडाकडे धरली. मध्ये साधं कापड. भोवती स्वच्छ, गोल कडं.

“नऊ मिलिमीटर,” निनाद म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. “साध्या कापडाभोवती! कापडातच काहीतरी आहे. तिच्या आकड्यातला किती चांदीचा आणि किती गुंडाळीचा, विचारा तिला. मी विचारणार आहे. सगळ्यांसमोर.”

“कधीची प्लेट?”

“कालची.”

मॅडमनी रजिस्टर ओढलं. सहा जून. कंट्रोलच्या रकान्यात शून्य.

“इथं शून्य आहे.”

“ते... मुद्दाम लिहिलं. नऊ लिहिलं असतं तर तिला कळलं असतं. तिने स्लाइड बदलली असती.”

मॅडमनी रजिस्टर मिटून त्यावर हात ठेवला.

“बावीस मेला शर्वरीचं कडं किती होतं?”

“अठरा,” निनाद लगेच म्हणाला.

“एकोणतीसला?”

“एकवीस. त्या दिवशी ती वानखडे मामांसाठी पेढे घेऊन आली होती.”

“दोन मेला?”

“चौदा. पहिली प्लेट. ती म्हणाली पंधरा लिहू, तुम्ही म्हणालात चौदाच लिही. आणि तुम्ही तिच्या पाठीवर थाप मारली.”

“सगळं पाठ आहे तुला.”

“रोज बघत होतो ना.”

“आणि बावीस मेला तुझ्या प्लेटवर काय होतं?”

“शून्य.”

“दिसलं होतं?”

“...शून्यच असणार, मॅडम. कंट्रोल होतं ते.”

वरून खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला. कोणीतरी माईक तपासत होतं. हॅलो, हॅलो.

“मग काल कसं दिसलं?”

निनादने डब्याचं झाकण हातात फिरवलं.

“तिची मोजणी परवाच संपली. कंट्रोल एक दिवस जास्त चालवायचं, हा तुमचाच नियम. काल कपाटात तिची प्लेट नव्हती...” तो थांबला. “म्हणून माझी दिसली.”

मॅडमनी बाहेर हाक मारली. प्रयोगशाळेचे परिचर वानखडे मामा दारात आले.

“मामा, उन्हाळ्यातल्या कंट्रोलच्या प्लेटा कुठायत?”

“वाफेने जंतू मारून फेकल्या की, मॅडम. रोजच्या रोज. शर्वरीताई तिच्या प्लेटांचे फोटो काढायची, तोवर मी थांबायचो. याच्या प्लेटांना थांबायला कोणी सांगितलंच नाही.”

मामा गेले.

निनादचे कान लाल झाले होते. मग त्याने ते केलं जे इतका वेळ करायचं टाळलं होतं. त्याने रजिस्टर स्वतःकडे ओढलं आणि पानं उलटली. शून्य, शून्य, शून्य. काही ठिकाणी पाच-पाच दिवसांची शून्यं एकाच शाईत, एकाच तिरक्या हाताने लिहिलेली. प्रत्येक शनिवारच्या ओळीखाली एक सही.

त्याने सहीवर बोट ठेवलं.

“ही तुमची आहे, मॅडम.”

“माझीच आहे.”

“सहा शनिवार.”

“सहा.”

“तुम्हीही तिचाच रकाना वाचलात.”

तायडे मॅडमनी चष्मा काढला. बराच वेळ त्या काचा पदराने पुसत राहिल्या... काचा स्वच्छच होत्या.

दार ढकलून शर्वरी आत आली. इस्त्रीची साडी, हातात पेन ड्राइव्ह.

“मॅडम, समिती आली. निनाद, चल ना, तुझंही नाव घातलंय मी पहिल्या स्लाइडवर. तुझ्या शून्यांवरच तर उभं आहे सगळं.”

निनादने डब्यावर झाकण ठेवलं. पण ते दाबलं नाही.

मॅडमनी प्लेट उचलून टेबलाच्या मधोमध ठेवली, तिघांनाही दिसेल अशी. त्यावर रजिस्टर ठेवलं नाही. रजिस्टर शेजारी उघडं ठेवलं.

“छत्तीस शून्यं आहेत,” त्या म्हणाल्या. “एक खोटं आहे, ते आत्ता कळलं. उरलेली पस्तीस कोणी पाहिली?”