पहिल्या तासाचा मान

बाभूळवस्तीच्या आठ घरांनी मिळून सौर पॅनेल बसवलं. बॅटरी नव्हती, म्हणून ऊन असेल तोवरच वीज. एकेका घरानं एकेक तास आपल्या विहिरीवरची मोटार चालवायची आणि पाळी रोज बदलायची, असं वस्तीच्या कौसाबाईंनी ठरवून दिलं.

वायर मात्र बळवंतरावांच्या शेतातून जाणार होती. आठांतलं एक घर त्यांचंच, पण मिशीला पीळ देत ते म्हणाले, "पोळ्याला पहिला बैल आमचा, होळीला पहिला नारळ आमचा. विजेचा पहिला तासही रोज आमचाच! नाहीतर वायर जाऊ देणार नाही."

लोक चिडले. कौसाबाईंनी मात्र हात जोडले. "बरोबर आहे दादासाहेब, मान तुमचाच. तेवढी कागदावर सही करा, म्हणजे पुढे कुणी तो हिसकावायला नको."

बळवंतरावांनी खुशीत सही ठोकली. वायर गेली.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताच त्यांचा तास सुरू झाला. कोवळ्या उन्हात मोटार नुसती घुरघुरली. हौदात थेंब पडला नाही. पुढे ऊन तापलं आणि शेजाऱ्यांच्या हौदांत पाणी धो धो पडू लागलं.

बळवंतराव तणतणत आले. "हा कसला मान? माझा हौद कोरडाच!"

"दादासाहेब, पहिला नैवेद्य देवाचा असतो," कौसाबाई म्हणाल्या, "पण पोट भरतं पंगतीत बसणाऱ्याचं. मान हवा तर देव व्हा. पाणी हवं तर पंगतीत या."

 बळवंतराव हळूच म्हणाले, "उद्या माझं पान कुठं मांडताय?"