अटीत न बसणारी मुलगी

एकदा एका वृद्ध आचार्यांकडे हळदीचा एक व्यापारी दिलेले दान परत मागायला आला. आचार्य विद्यापीठाच्या पारितोषिक समितीचे अध्यक्ष होते. त्यांचा एक शिष्य आता तिथेच अध्यापक होता आणि समितीचे काम पाहत असे. तोही त्या वेळी शेजारी बसला होता.

व्यापाऱ्याची एकुलती एक मुलगी पद्मजा वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असताना तापाने गेली. तिच्या स्मरणार्थ त्याने पारितोषिक ठेवले आणि त्याच्या अटी स्वतः ठरवल्या. विद्यार्थी पहिल्या क्रमांकाचा असावा, कधीही नापास झालेला नसावा, हजेरी पूर्ण असावी, वर्तन विनम्र असावे. तेव्हापासून ते पारितोषिक कुणालाच मिळाले नव्हते. पहिला येणारा कधीतरी गैरहजर असे आणि रोज हजर असणारा पहिला येत नसे. जे पारितोषिक द्यायचे नाही, त्याचे नाव समारंभात वाचायचे नाही, अशी तिथली रीत होती.

व्यापारी म्हणाला, "तिची आई दर वर्षी तयार होऊन येते, शेवटच्या रांगेत बसते. पोरीचं नाव एकदा माइकवरून ऐकावं, एवढंच तिला हवंय. तुमच्याकडे तिच्या तोलाचं कुणी नसेल, तर राहू द्या. मी देवळाला पायरी बसवतो. तिथं नाव तरी दिसेल."

शिष्याने अटी सैल करण्याविषयी सुचवून पाहिले. व्यापारी बधला नाही. तसे केले तर मुलीचाच अपमान होईल, असे त्याचे म्हणणे होते.

आचार्य उठले, एक रिकामी खुर्ची ओढून त्यांनी टेबलासमोर ठेवली आणि म्हणाले, "उमेदवार आली आहे असं समजू. आज पद्मजाची मुलाखत घेऊ. उत्तरं तिच्या वतीनं तुम्ही द्या."

शिष्याला हे निर्दयपणाचे वाटले.

"हजेरी?" त्यांनी विचारले.

व्यापारी आधी चिडला, पण मुलीविषयी कुणी विचारावे आणि बापाने बोलू नये, हे त्याला जमले नाही. "पूर्ण कुठली? बस वाटेत थांबली, की खाली उतरायची. बांधावर काही नवं उगवलेलं दिसलं, की संपलं. बस निघून जायची."

क्रमांक मधलाच असे. रसायनशास्त्रात ती एकदा नापासही झाली होती आणि ते तिने घरी लपवून ठेवले होते. सांगता सांगता व्यापाऱ्याचा स्वर निवळत गेला.

"वर्तन विनम्र?"

आता तो चक्क हसला. "विनम्र? मला म्हणायची, 'बाबा, तुमचा जन्म हळदीत गेला, पण हळदीचं फूल कसं असतं ते सांगा बघू.' मी म्हणायचो, फुलाला बाजारात भाव नाही."

"मग पाहिलंत का कधी?"

"नाही." व्यापारी रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "हिला मिळालं नसतं, सर."

"नसतं मिळालं," आचार्य म्हणाले. "शोकात आपण गेलेल्या माणसाचे दोष काढून टाकत जातो. प्रेमानंच काढतो. पण त्या दोषांबरोबर तो माणूसही जातो आणि मागे एक गुळगुळीत मूर्ती उरते. त्या मूर्तीच्या मापाचा विद्यार्थी कुठल्याच वर्गात नसतो. पद्मजासारखी मुलं मात्र दर वर्षी आमच्यासमोरून जातात आणि त्यांच्या हातावर कुणी काही ठेवत नाही. माझं चुकतही असेल, पण तिचं नाव त्यांच्यासाठी असावं."

व्यापारी उठून निघून गेला. तो दुखावला गेला, असे शिष्य म्हणाला. "शक्य आहे," आचार्य म्हणाले. "मलाही तीच धास्ती वाटते आहे."

पुढे काही दिवसांनी व्यापाऱ्याचा निरोप आला. जुन्या अटी रद्द. अभ्यासक्रमात नसलेली एखादी वनस्पती ज्याने स्वतः हिंडून शोधली आणि नीट ओळखली, त्याला पारितोषिक द्यावे. तो नापास झालेला असला तरी चालेल.

समारंभ भाद्रपदात झाला. 'पद्मजा स्मृती पारितोषिक' हे शब्द सभागृहात प्रथमच घुमले. विजेती मुलगी जागेवर नव्हती. तिचे नाव पुन्हा पुकारावे लागले, तेव्हा ती चिखलाच्या चपलांनी धावत आत आली. "हिचीही बस चुकली वाटतं," शेवटच्या रांगेतून पद्मजाची आई म्हणाली, आणि डोळे पुसता पुसता हसली.

दात्याने गेलेल्या व्यक्तीची हार घातलेली तसबीर व्यासपीठावर आणायची, असा प्रघात होता. व्यापाऱ्याने तसबीर आणली नव्हती. पाकिटाबरोबर त्याने त्या मुलीच्या हाती एक फिकट, पाकळ्यांवर पाकळ्या चढलेला तुरा दिला. सकाळी तो स्वतः शेतात जाऊन आला होता.

"हे काय आहे, सांग बघू," तो म्हणाला.

"हळदीचं फूल," ती म्हणाली.

आचार्यांनी शिष्याकडे पाहिले, आणि ज्याला ती मुलाखत निर्दयपणाची वाटली होती, त्या शिष्याने होकारार्थी मान हलवली.

स्मारक कुणाचेही असो, ज्याच्या नावाने ते उभे राहते, त्याला आत यायला दार असावे.