पहिला नाल दाराला

त्या राज्यात कामाचा तुटवडा नव्हता. कामावर जाण्याची ऐपत मात्र कोणाची नव्हती.

काम होतं घाटावर. खाडीतलं मीठ गोण्यांत भरून वरच्या बाजारात न्यायचं, एवढंच. वाट मोकळी होती, गोण्या थप्पीला लागलेल्या होत्या, खेपेमागे दोन पेंढ्या वैरण ठरलेली होती. पण घाट काळ्या फत्तराचा, आणि तो फत्तर खूर खातो. चार खुरांना चार नाल असल्याशिवाय कोणाला पहिल्या पायरीवरही उभं करत नसत. चार नालांना साठ पेंढ्या पडत. साठ पेंढ्या मिळवायच्या तर घाट चढायला हवा. यात कुठंतरी वाकडं आहे, असं आम्हा गाढवांना पुष्कळ वर्षं वाटत होतं. पण आमच्या मनातलं तोंडावाटे बाहेर पडलं की त्याचं रेकणं होतं, आणि रेकण्याचा अर्थ कोणी विचारत नाही.

घाटमाथ्यावर घोडे राहत. ते ओझं वाहत नसत, मिरवत असत. त्यांच्या खुरांना तबेल्याच्या खर्चाने नाल ठोकले जात, त्याला ‘मान’ म्हणत. तोच नाल आम्हालाही द्यावा असं एकदा दरबारात ठरलं, तेव्हा त्याला ‘मदत’ म्हणाले. लोखंड एकाच भट्टीतलं होतं.

मदतीची जाहिरात पाणवठ्यावरच्या भिंतीला चिकटवली गेली. ती वाचायला अर्थातच चिंधाक्का पुढे झाली.

चिंधाक्का आमच्यातली सगळ्यांत म्हातारी, आणि एकटीच शिकलेली. शाळेत कोणी घातलं नव्हतं. उकिरड्यावर जे कागद सापडत ते खाताखाता ती शिकली. खाण्याआधी वाचायचं, हा तिचा नेम. लग्नपत्रिका, तगादे, जुनी पंचांगं, औषधांची वेष्टनं, सगळं तिने असं पचवलेलं. त्यामुळे तिचं ज्ञान मोठं होतं आणि तोंड त्याहून मोठं. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य तिच्या खाण्यात कधी आलंच नव्हतं.

तिने मान वर करून खणखणीत आवाजात वाचलं, “राज्यातील गरीब व कष्टाळू गाढवांस कामावर जाण्यासाठी नाल विनामूल्य देण्यात येतील. इच्छुकांनी खिडकीवर अर्ज करावा.”

“आणि?” कोणीतरी विचारलं.

“आणि काय? संपलं,” चिंधाक्का तोंड हलवत म्हणाली.

संपलं होतं हे खरं. खालची ओळ तिच्या तोंडात होती. जाहिरात तांदळाच्या खळीने चिकटवलेली, आणि खळ ओघळून खालच्या कडेला जाड बसलेली. श्वास घ्यायला थांबली तेवढ्यात तिची जीभ तिकडे गेली. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. वाचणाऱ्याने थोडं खायचंच, असं आम्हाला वाटत आलेलं आहे.

त्या गर्दीत भुरी उभी होती, पोटाशी शिंगरू घेऊन. तिचा धनी मागच्या साली घाटावर घसरला तो उठलाच नाही. मीठ वाहणाऱ्या तांड्यातली त्याची जागा तिच्यासाठी राखून ठेवली होती, पण येत्या पुनवेपर्यंतच. पुनवेला सकाळी चार नाल घालून हजर झाली तर जागा तिची. नाही झाली तर जागा गेली, आणि जागेबरोबर हिवाळ्याची वैरणही. शिंगरू अजून अंगावर पीत होतं, आणि भुरीचं दूध आटत चाललं होतं.

“आक्का, मला जमेल का गं अर्ज करायला?” तिने विचारलं.

“मी असताना तू कशाला घाबरतेस, पोरी?” चिंधाक्का म्हणाली. “मी लिहिते. तू फक्त खूर उमटव.”

खिडकीत एक खेचर बसायचं. आईकडून घोडा होतं. बापाबद्दल बोलत नसे. त्याने भुरीचा अर्ज हुंगला आणि विचारलं, “कामावर आहेस?”

“नाल मिळाले की जाईन, साहेब.”

“मग आधी जा. ही मदत कामाच्या खर्चाची आहे. काम नाही तर खर्च कसला?”

“अनवाणी जाऊ घाटावर?”

“कसं जायचं ते मी कसं सांगू? झिजलेले खूर दाखव, अर्ज घेतो.”

चिंधाक्का पुढे सरसावली. “अरे मेल्या, खूर झिजू नयेत म्हणून नाल, आणि नालासाठी आधी खूर झिजवून आणायचे?”

खेचर जराही चिडलं नाही. उलट गोड आवाजात म्हणालं, “आजी, चिडू नका. आपण लाभार्थी आहात.”

इथे आम्ही विरघळलो. जन्मभर आम्हाला गाढव म्हणत आले होते. रागावून म्हणत, लाडाने म्हणत, कधी तर माणसं एकमेकांनाही तेच म्हणत. लाभार्थी पहिल्यांदाच म्हटलं गेलं. पाणवठ्यावर आम्ही एकमेकांना हाका मारू लागलो. “काय लाभार्थी, अंघोळ झाली का?” “या लाभार्थी, लोळा.” त्या शब्दाच्या भरात दुसऱ्या दिवशी आम्ही सगळेच्या सगळे घाटाच्या मधल्या वळणापर्यंत रिकाम्या पाठीने, अनवाणी चढून आलो आणि फुटलेले खूर घेऊन खिडकीपुढे रांगेत उभे राहिलो. कोणाचा खूर जास्त फुटला यावरून रांगेत थोडी चढाओढही झाली. नाल मिळावेत म्हणून चांगले खूर फोडून घेणारी जात दुसरीकडे कुठं सापडली तर कळवावं.

भुरी सगळ्यांत पुढे गेली होती. परत आली तेव्हा तिच्या मागच्या डाव्या खुरातून रक्त येत होतं. खेचराने पाहून मान डोलावली. “छान. आता दिसतं काम.”

पुनवेला पाच दिवस उरले असताना नाल आले. नालबंद म्हणून सुतारपक्षी नेमला होता. खेचराने एकेकाचं नाव पुकारलं आणि प्रत्येकापुढे एक नाल टाकला.

एक.

आम्ही वाट पाहिली. खेचराने खिडकी लावायला घेतली.

“आणि बाकीचे तीन?” भुरीने विचारलं.

“एका अर्जाला एक नाल. चार खुरांचे चार अर्ज. जाहिरातीच्या शेवटच्या ओळीत स्पष्ट होतं. मुदत काल संपली.” खेचराने आमच्याकडे पाहिलं. “वाचलं नव्हतं का कोणी?”

सगळे कान चिंधाक्काकडे वळले. आमचे कान वळले की दिसतं.

तेव्हा तिने म्हणायला हवं होतं की मी खाल्ली. पण ती शिकलेली होती. तिने मान ताठ केली.

“वाचलं होतं,” ती म्हणाली. “मुद्दामच बोलले नाही. तुम्हाला घाई फार. पहिला नाल पायाला लावायचा नसतो. पहिला नाल दाराला.”

“का?” दगडोबाने विचारलं. दगडोबा म्हणजे भुरीचा शेजारी. दोन्ही घरांची भिंत एक.

“का म्हणजे? लक्ष्मी दारातून येते की खुरातून?”

आम्हाला ते पटलं. सुतारपक्ष्यालाही बरं वाटलं. खुरापेक्षा लाकडावर ठोकणं त्याच्या चोचीला सवयीचं. संध्याकाळच्या आत साऱ्या वस्तीच्या दारांवर नाल ठोकले गेले. हळद लावली, कुंकू लावलं. चिंधाक्काचा नाल तिच्या दारावर, भुरीचा भुरीच्या. आत जाताना वर पाहून कान जोडायचे, हे तर आम्ही आमच्या मनानेच सुरू केलं. तीन दिवसांत ती प्रथा इतकी जुनी झाली की आमचे आजेपणजेही तसंच करत, असं दोघातिघांना आठवू लागलं.

चौथ्या दिवशी भुरी चिंधाक्काच्या दारात आली. खुराची जखम चिघळली होती. शिंगरू मागे उभं राहून तिच्याच शेपटीचे केस चोखत होतं.

“आक्का, परवा पुनव.”

“माहीत आहे मला. पंचांग खाल्लंय मी.”

“आक्का, खरं सांग. ती शेवटची ओळ कशी होती?”

चिंधाक्काने ओठांवरून जीभ फिरवली.

“आंबट,” ती म्हणाली. “खळ शिळी होती.”

भुरी रडली नाही, रागावलीही नाही. नुसती उभी राहिली. रागावली असती तर चिंधाक्काने चार शब्द सुनावून विषय मिटवला असता. तिच्याजवळ सगळ्या बोलण्याला उत्तर होतं, नुसतं उभं राहण्याला नव्हतं.

ती उठली आणि पाणवठ्यावर जाऊन दगडावर चढली.

“ऐका रे!” तिने आवाज दिला. “पहिला नाल दाराला, असं कुठं लिहिलेलं नाही. ते मी रचलं. ती ओळ मी खाल्ली होती. लाज वाटली म्हणून थाप मारली. माझा नाल मी देतेच, तुम्ही दोघाजणांनी आपापला काढून द्या, भुरीचे चार होतात. तिची जागा वाचेल.”

आम्ही ऐकून घेतलं. मग हसलो.

“शिकलेल्यांचं हे असंच,” मागून एक आवाज आला. “आधी प्रथा पाळा म्हणायचं, मग मोडा म्हणायचं.”

“आक्का, वय झालं तुझं,” दगडोबा म्हणाला. “नाल लावल्यापासून माझं छप्पर एकदाही गळलेलं नाही.”

“पाऊस पडलाय का रे एकदा तरी?”

“तेच तर म्हणतोय. इतका गुण आहे त्याच्यात.”

“अरे गाढवा!”

“लाभार्थी म्हण,” दगडोबा दुखावून म्हणाला.

ती दारोदार फिरली. शिव्या दिल्या, विनवण्या केल्या, आपल्याला विनवता येतं हे तिला त्या दिवशी कळलं. प्रत्येक दारात तिला तिचंच वाक्य ऐकवलं गेलं, तिच्याच ठसक्यात. लक्ष्मी दारातून येते की खुरातून? आपण इतकं पटेल असं बोलतो याचा तिला पहिल्यांदाच राग आला.

कोणी नाल दिला नाही. आम्ही दुष्ट होतो असं मात्र नाही. दगडोबाची बायको भुरीला म्हणाली, “नाल मागू नकोस बाई, पण जायचं ठरलंच तर शिंगरू माझ्याकडे ठेव. माझ्या लेकराबरोबर पिईल.” आमचं मन असंच आहे. दूध देऊ, लोखंड देणार नाही.

पुनवेच्या सकाळी चिंधाक्काने आपल्या दारावरचा नाल दातांनी धरून ओढला. खिळा हलेना. तिने पाय रोवले, मान मागे टाकली, आणि नाल आला तेव्हा समोरचा एक दातही आला. तो थुंकून तिने भुरीच्या दारावरचा नाल ओढला. मग सुतारपक्ष्याला उठवलं. तो कुरकुरला, पण चिंधाक्काचं तोंड रक्ताने भरलेलं पाहून त्याने मुकाट्याने दोन्ही नाल भुरीच्या पुढच्या खुरांना ठोकले.

घाटाच्या पायथ्याशी तेच खेचर मुकादम म्हणून उभं होतं.

“दोनच?” त्याने भुरीचे पाय पाहिले. “चार लागतात. हो बाजूला.”

“बाजूला तू हो,” चिंधाक्का म्हणाली. “चढताना पुढचे पाय धरतात, मागचे ढकलतात. खरं की खोटं?”

“खरं.”

“धरणाऱ्या पायांना नाल आहेत. ढकलायला मी आहे.”

“तुला तर एकही नाही.”

“मला जागा कुठं हवीय? माझा हिशेब हिच्यात धर. दोघी मिळून एक.”

“वैरणही एकीचीच मिळेल.”

“माझे दात कुठं राहिलेत खायला?”

खेचराच्या पगारात विचार करणं बसत नव्हतं, आणि गोण्या पडून होत्या. त्याने भुरीच्या पाठीवर गोणी चढवली आणि पुढच्याला ओरडून सांगितलं, “घे, गाढव एक, पाय आठ!” सगळा तांडा हसला.

भुरी चढू लागली. चिंधाक्काने तिच्या मागे कपाळ टेकलं आणि रेटू लागली. पहिल्या वळणावर भुरीचा जखमी खूर सटकला. गोणीचा सगळा भार म्हातारीच्या कपाळावर आला.

“आक्का, लागलं का?”

“तू बोलू नकोस. चढ. बोलायचं काम माझं आहे.”

त्याच सकाळी घाटमाथ्यावरच्या सज्जात घोडे जमले होते. मदत कुठवर पोहोचली ते बघायचं होतं. तिथून वस्ती थेट पायांखाली दिसते. ऊन वर आलं तसे दारादारांवरचे नाल चमकू लागले, एकाला एक लागून, जणू साऱ्या वस्तीला तोरण बांधलं होतं. घोडे हरखले. एका म्हाताऱ्या अबलख घोड्याचे तर डोळे भरून आले.

मग त्याची नजर अडली. त्या चकाकत्या ओळीत दोन दारं बोडकी होती.

खाली घाटात दोन नाल दगडावर वाजत होते. एक ठण्, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा एक ठण्. अबलखाने त्या आवाजाला कंटाळून कान मागे पाडले आणि शिपायाला हाक मारली. शिपाई धावत वस्तीत उतरला. त्याने दोन्ही बोडक्या दारांवर कोळशाने मोठी फुली मारली, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं : लाभ घेतला नाही.