रिकामा चौरंग

एका शाळेत एकदा एक नियम होता, आणि तो का आहे हे विचारायचं नाही, हा त्याहून मोठा नियम होता. मुलांना हातकाम शिकवायला काढलेल्या व्यवसाय मंडळाच्या कपाटातल्या हत्यारांना विद्यार्थ्यांनी हात लावायचा नाही. पक्कड, पाने, हातोड्या, स्क्रूड्रायव्हर, सगळं नवं कोरं, सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत. तपासणीला साहेब आले की कपाट उघडे. खंडेनवमीला पिशव्यांवरूनच हळदकुंकू वाहिलं जाई. पुन्हा कुलूप.

मंडळाला पाटी होती, पण सभासद म्हणून नववीतली शिवकन्या तेवढी उरली होती. तिला कारण होतं. मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार बिजागरीतून निखळलं होतं. एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेरून दार धरून उभं राहायचं. लहान मुली तर दिवसभर पाणीच पीत नसत. शिवकन्येनं मंडळाच्या शिक्षकांकडे स्क्रूड्रायव्हर मागितला. खराब झाला तर जबाबदार कोण, असं त्यांनी तिलाच विचारलं. मग तिनं कंपासपेटीतल्या पट्टीनं स्क्रू पिळून पाहिला. पट्टी वाकली.

तेवढ्यात नवे मुख्याध्यापक आले. उतारवयाचे, सावकाश बोलणारे. तिनं त्यांनाही सांगितलं. खंडेनवमीपर्यंत थांब, तेव्हा सगळे समोर असतील, असं ते म्हणाले. थांबायला सांगणाऱ्या म्हाताऱ्यांत आणखी एकाची भर, असं शिवकन्येनं मैत्रिणींना सांगून टाकलं. तिकडे संस्थेनं ठरवलं होतं की सभासदच नाहीत, तर दसऱ्यानंतर मंडळ बंद करायचं आणि कपाट दुसऱ्या शाळेला द्यायचं.

खंडेनवमीच्या सकाळी सारी शाळा पटांगणात बसली. संस्थेची वडीलधारी मंडळी नारळ घेऊन आली. चौरंग मांडलेला, भोवती झेंडूच्या माळा, पण चौरंगावर काहीच नाही. मुख्याध्यापक त्या रिकाम्या चौरंगापुढे हात जोडून बसले होते. शेजारी कपाट, दोन्ही दारं सताड उघडी. मुलं तोंड दाबून हसू लागली.

"सर, हत्यारं मांडायची विसरलात काय?" संस्थेच्या अध्यक्षांनी विचारलं.

"विसरलो नाही," मुख्याध्यापक म्हणाले. "आजचा दिवस राबलेल्या हत्यारांचा. वर्षभर ज्यांनी काम केलं, त्यांना धुऊनपुसून बसवायचं, त्यांचे उपकार स्मरायचे. आपल्या हत्यारांनी आजवर एक स्क्रू पिळलेला नाही. त्यांना हळद लावायची मला लाज वाटली. मुलं मंडळात का येत नाहीत, असं आपण विचारता. कुलपाचा सभासद कोण होईल?" मग ते मुलांकडे वळले. "कुलूप मी फेकून दिलं आहे. काही मोडलं, तर उत्तर मी देईन."

मग शिवकन्या उठली आणि तिनं स्क्रूड्रायव्हरची पिशवी टर्रकन फाडली.

"अगं पोरी, आज हत्यार चालवू नये," अध्यक्ष म्हणाले. "आज त्यांची विश्रांती असते."

"दमलेल्यांची असते, आजोबा."

पटांगणात हशा पिकला. ती थेट त्या दाराकडे गेली, मागोमाग अर्धी शाळा. स्क्रूची भोकं मोठी झाली होती, म्हणून तिनं त्यांत काड्यापेटीच्या काड्या ठोकल्या. पहिल्यांदा बिजागरी उलटी बसली, सगळं पुन्हा उकलावं लागलं. एवढा वेळ दार धरून उभे होते ते मुख्याध्यापक. शेवटी पाचवीतली एक मुलगी आत गेली, तिनं दार लोटलं आणि आतून कडी घातली. खट्. बाहेर मुलींनी जो गलका केला, तो रस्त्यापर्यंत ऐकू गेला. पुढच्या क्षणी पोरं कपाटाभोवती गोळा झाली. कुणी हातोडी घेऊन डुगडुगत्या बाकाकडे धावला, कुणी पाना घेऊन गळक्या नळाकडे.

अध्यक्षांनी घसा खाकरला. "शाब्बास. हौस झाली ना? आता हत्यारं पुसून कपाटात ठेवा. कपाट कुठं द्यायचं ते ठरलेलं आहे."

"नाही ठेवणार," शिवकन्या म्हणाली. "सभासद नाहीत म्हणून मंडळ बंद करणार होता ना? मोजा आता."

वडीलधाऱ्यांनी पटांगणाकडे पाहिलं, मग मुख्याध्यापकांकडे. ते एका मुलाला पक्कड कशी धरायची ते दाखवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. अध्यक्ष बोटानं एकेक मूल मोजू लागले.