वैशाखातला झरा

फार फार पूर्वी, एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला पायांशिवाय दुसरं वाहन नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. एका घाटाच्या पायथ्याशी धर्मशाळा होती आणि तिला चुन्यानं पांढरी केलेली एक लांबलचक भिंत होती. या भिंतीपाशी कुणीही यावं आणि आपल्याला जे पक्कं ठाऊक आहे ते कोळशानं लिहावं, अशी तिथली रीत होती. कुठला पाला जखमेवर चालतो, कुठल्या वाटेवर अस्वल हिंडतं, नदी कधी ओलांडू नये. लिहिणाऱ्यानं नाव घालायचं नाही आणि मोबदलाही मागायचा नाही. चूक दिसली तर ओल्या फडक्यानं पुसून बरोबर लिहायचं. वाटसरू आधी भिंत वाचत आणि मगच घाट चढत.

आता जिथं पुसायची मुभा, तिथं भांडण आलंच! त्यालाही रीत होती. दोघांनी भिंतीखालच्या ओट्यावर बसायचं आणि आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं. "हो, मला हेच म्हणायचंय," असं तो म्हणेपर्यंत आपली बाजू मांडायची नाही. बहुतेक भांडणं तिथंच निवत, कारण दुसऱ्याचं म्हणणं नीट सांगता सांगता आपला निम्मा राग निघून जाई.

धर्मशाळेला लागून असलेल्या गावात एक कोष्टी राहत होता. बायको वारलेली, मूलबाळ नाही. हात मागावर चालायचे, पण जीव सगळा भिंतीत. कुणी वाटसरू त्याच्या सुरेख अक्षरापुढं घटकाभर थांबला, तर घरी पाहुणा आल्यासारखा त्याला आनंद होई.

'खिंडीपलीकडच्या झऱ्याला बाराही महिने पाणी असतं,' ही ओळ त्याची फार लाडकी. लहानपणी ऐन वैशाखात बापानं त्याला खांद्यावरून तिथं नेलं होतं आणि ओंजळीनं पाणी पाजलं होतं. बापाची एवढीच आठवण त्याच्यापाशी उरली होती.

एके दिवशी मेंढरं घेऊन गावोगाव फिरणारी एक बाई आली. तिनं ती ओळ पुसली आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, 'वैशाखात झरा आटतो. पाणी संगं न्या.' कोष्ट्यानं ते पुसलं. तिनं पुन्हा लिहिलं. त्यानं पुन्हा पुसलं. गावाला आयती करमणूक झाली.

शेवटी धर्मशाळेची राखण करणाऱ्या म्हातारीनं दोघांना ओट्यावर बसवलं.

कोष्टी म्हणाला, "हिचं म्हणणं असं की मी खोटारडा आहे."

"न्हाई दादा," बाई म्हणाली, "माजं म्हननं असं न्हाई."

"मग असं असेल की मेंढरांना कळतं ते माणसाला कळत नाही."

लोक हसले. बाई हसली नाही. "न्हाई दादा. तेबी न्हाई. माजी मेंढरं तिथनं तहानेली माघारी फिरली. तुमी माजं ऐकूनच घेत न्हाई."

कोष्टी रागानं उठला आणि तडक पंचांकडं गेला. ज्याचं गावात घर नाही त्यानं भिंतीला हात लावू नये, असा नियम करा म्हणाला. पंच या कटकटीला कंटाळलेच होते, त्यांनी मान डोलावली. बाईनं फडकं ओट्यावर ठेवलं, मेंढरांना हाक घातली आणि ती निघून गेली.

म्हातारी म्हणाली, "बाबा रे, भांडायला आली म्हणजे तिला या भिंतीची काळजी होती. तू तिला घालवलीस."

पण जिंकण्याची चटक वाईट. पुढं वैदूशी वाजलं, मग नावाड्याशी. दर वेळी कोष्टी काहीतरी नियम काढी आणि समोरचा माणूस फडकं ठेवून घरी जाई. होता होता सगळी भिंत एकाच हातानं भरली. अक्षर देखणं, ओळी सरळ, आणि भिंतीपाशी चिटपाखरू नाही.

आता तो सकाळी भिंतीपुढं उभा राही. कुणी आपलं लिहिलेलं पुसलंय का ते पाही. काही पुसलेलं नसे. त्याला ते बरं वाटायला हवं होतं, पण वाटत नसे. एकदा तर त्यानं मुद्दाम लिहिलं, 'सूर्य पश्चिमेला उगवतो.' कुणीतरी चिडून येईल म्हणून तो दिवसभर ओट्यावर बसला. ती ओळ पुसायला कुणी आलं नाही, कारण भिंत आता कुणी वाचतच नव्हतं. संध्याकाळी त्यानं ती आपल्याच हातानं पुसली आणि घरी जाऊन तो रडला.

वैशाख आला. न राहवून तो एकटाच घाट चढला आणि खिंड ओलांडून झऱ्यापाशी पोचला. झरा कोरडा ठणठणीत होता. खालच्या चिखलाला भेगा पडल्या होत्या. तो माघारी निघाला. मग कुठंतरी थेंब ठिबकल्याचा आवाज आला, म्हणून तो धापा टाकत वर चढला. उंच कातळाच्या पोटात, मेंढरू पोचणार नाही अशा जागी, गार पाणी साठलं होतं. लहानपणी ही चढण बाप चढला होता. हा नुसता खांद्यावर बसून आला होता.

म्हणजे तोही खरा होता आणि तीही खरी होती! त्याला हसू फुटलं. हे कुणाला तरी सांगावं म्हणून तो वळला, तर मागं नुसता डोंगर होता.

परत येऊन त्यानं भिंतीवर लिहिलं, 'वैशाखात झरा खाली आटतो, वर कातळाखाली पाणी राहतं.' मग पंचांच्या हातापाया पडून त्यानं सगळे नियम मोडून घेतले आणि मेंढरांच्या वाटेकडं डोळे लावून बसला. मेंढरं आली नाहीत. त्या बाईनं कधीच दुसरा घाट धरला होता.

बऱ्याच दिवसांनी एक वाटसरू सावलीला टेकला. कोष्ट्यानं घाईघाईनं त्याच्यापुढं ओलं फडकं धरलं. "वाचा हो जरा. चुकलं असेल तर खुशाल पुसा."

वाटसरूनं भिंतीकडं पाहिलंही नाही. "मला काय करायचंय, बाबा? भिंत तुमची आहे," असं म्हणून त्यानं गाठोडं उचललं आणि तो चालू लागला.

बाळगोपाळांनो आणि थोरामोठ्यांनो, तात्पर्य एवढंच: ज्याला आपली चूक दाखवणारा नकोसा होतो, त्याला आपलं खरं ऐकणाराही उरत नाही.