रणभिसे मास्तरांचं स्टूल

“...पण मास्तर, अकरा चेंडू अडवले कुणी? मी का त्याने?”

प्रणित हे विचारतच ओट्यावर चढला. चपला पायातच.

रणभिसे मास्तर कडेला स्टुलावर बसले होते. मांडीवर जुना पॅड, हातात आरी. पट्टा शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“चपला काढ.”

मी भिंतीशी तांदूळ निवडत होते, म्हणून हे सगळं माझ्यासमोर झालं. तीन वर्षं झाली त्याला. आता मास्तर नाहीत. खडकीच्या ज्या मुरमाच्या मैदानावर त्यांनी चौदा वर्षं कारखान्याच्या हॉकी टीमचा गोल राखला, तिथं आता नकली गवताची निळी चटई अंथरलीय. स्टूल तेवढं राहिलंय. ते माझ्या दारात असतं.

तेव्हा माझी मिनू नुकती चालायला लागली होती. आमच्या चाळीच्या ओट्याला कठडा नाही. खाली चार पायऱ्या, मग दगडी गटार. घरी असले की माझा डोळा तिच्यावरून हलायचा नाही. दूध उतू जायचं, भाजी करपायची. मास्तरांच्या ओट्यावर मात्र माझे हात मोकळे व्हायचे. का, ते मी कधी मनाला विचारलं नव्हतं.

प्रणितने चपला काढल्या. खिशातून पेपरचं कात्रण काढलं आणि मास्तरांच्या पॅडवर ठेवलं. फोटोत तो हवेत आडवा होता, मासा उसळल्यासारखा.

“काल रेल्वेची निवड होती. अर्धा वेळ मी गोलात, अर्धा वेळ तो सदाफुले. माझ्यावर अकरा चेंडू आले. अकराच्या अकरा अडवले, हे बघा कोपर. लोक उभे राहून ओरडत होते. आणि सदाफुलेनं अडवले किती? दोन! तेही असे, पायाला येऊन लागले म्हणून.”

“बरं मग?”

“मग काय! निवड समितीवाले म्हणतात, सदाफुले बरा वाटतो. जागा एकच आहे मास्तर. नोकरीची जागा. पुढल्या महिन्यात मला पंचवीस पूर्ण होतात, मग कुणी विचारणार नाही. आईनं पेढे सांगून ठेवलेत.”

मिनू हातात चमचा घेऊन कडेकडे निघाली होती. मास्तरांच्या गुडघ्यावर तिने चमचा दोनदा आपटला आणि परत फिरली.

“उद्या यादी लागते,” प्रणित म्हणाला. “समितीतले फर्नांडिस साहेब तुमच्यापुढं बॅकला खेळलेत. तुमचा शब्द ते खाली पडू देणार नाहीत. दोन ओळी लिहून द्या.”

मास्तरांनी दोरा दाढेने तोडला. स्टूल जरासं पुढं घेतलं.

“काय लिहू?”

“जे खरं ते. की असा गोली तुम्ही पाहिला नाही.”

“खरंच पाहिला नाही,” मास्तर म्हणाले.

प्रणित खूश झाला. मग जवळ सरकून बसला.

“मास्तर, एक सांगा. तुम्ही अडवलेला सगळ्यात भारी चेंडू कोणता?”

मास्तर विचारात पडले.

“आठवत नाही रे.”

“चौदा वर्षांत एक नाही?”

“धूळ आठवते. उन्हाळ्यात मुरूम एवढा तापायचा की बुटातून चटका बसायचा. मॅचच्या आधी आम्हीच पाणी मारायचो, बादल्यांनी. पोरं भिंतीवर बसायची, पाय खाली सोडून. कॉर्नर मिळाला की सगळे पाय एकदम वर... अन् गोलातली मागची फळी आठवते. चेंडू आत गेला की ठक्क वाजायची. तो आवाज अजून झोपेत येतो.”

“आणि लोक? लोक काय म्हणायचे?”

मास्तर हसले. पुढचे दोन दात नव्हतेच, चेंडूनेच नेलेले. त्या काळी तोंडाला जाळी कुठली!

“शिव्या द्यायचे. म्हणायचे, रणभिशा, तुला फुकट पगार आहे. नुसता उभा राहतोस आन् चेंडू तुझ्याच पायाशी येतो, आमचे पैसे परत दे.”

“फोटो?”

“टीमचा आहे एक. मागच्या रांगेत.”

प्रणितने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. “बघा वहिनी, म्हातारपणी माणूस किती लाजतो.”

मास्तर गुडघ्यावर हात देऊन उठले.

“कागद आणतो. तू बस माझ्या जागेवर. तिथंच बस.”

ते आत गेले. प्रणित स्टुलावर बसला. पाठीला टेकू हवा म्हणून त्याने स्टूल मागे ओढलं, पार भिंतीपर्यंत. पाय लांब केले आणि आपलाच फोटो बघत राहिला.

मी सुपात बघत होते. मघाशी दिसलेला एक खडा पुन्हा सापडत नव्हता...

चमचा खाली पडल्याचा आवाज आला. दगडावर.

मी वर बघितलं तर मिनूचा एक पाय ओट्यावर होता आणि एक पाय हवेत.

मी ओरडले की नाही, ठाऊक नाही. सूप हातातून गेलं. तेवढ्यात प्रणित स्टुलावरून उडाला. अख्खा आडवा, त्या फोटोतल्यासारखाच. फरशीवर घसरत गेला आणि तिच्या झबल्याचं टोक त्याच्या मुठीत आलं. मिनू पायरीवर लोंबकळली. मग रडली.

मी तिला उराशी धरलं. मी प्रणितच्या पायाला हात लावायला गेले, तो मागे सरला. त्याच्या कोपरातून रक्त येत होतं. शेजारच्या दारातून बायका आल्या, कुणी म्हणालं, “देवासारखा धावलास रे बाबा!”

मास्तर दारात उभे होते. हातात कागद.

“बघितलंत मास्तर?” प्रणितला धाप लागली होती, पण तो हसत होता. “बघितलंत ना?”

“बघितलं. माझ्याच्यानं कधी झालं नसतं असलं.”

बायका गेल्या. मास्तरांनी स्टूल भिंतीपासून उचललं आणि पुन्हा कडेला मांडलं. बसले. कागद मांडीवर घेतला, पेनाचं टोपण काढलं.

लेकरांना कुठली आठवण! माझा हात सैल झाला तशी मिनू उतरली आणि निघाली तिकडेच. मी उठणार होते.

मास्तर पेन झटकत होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. स्टूल एक वीत डावीकडे सरकवलं. मिनू त्यांच्या पोटरीला लागली, थांबली, वळली. मग उजवीकडून निघाली. मास्तरांनी उजवा पाय पुढं टाकला, कळ लागल्यावर टाकतात तसा. ती पुन्हा वळली.

तिसऱ्यांदा तिने वाटच बदलली. माझ्याकडे आली.

प्रणितचं हसू कमी झालं. तो स्टुलाच्या पायांकडे बघत होता. फरशीवर तिथं चार पायांच्या घासलेल्या रेघा होत्या, पुढंमागं, डावीकडं, उजवीकडं. जुन्या होत्या. मी रोज तिथं बसायचे, मलाही त्या पहिल्यांदा दिसल्या.

“मास्तर...”

“हं.”

“पण अडवलं तर मीच ना तिला?”

“तूच.”

“मग तेवढं तरी लिहाल?”

मास्तरांनी पेनाचं टोपण हळूच परत लावलं. ओट्यावर, पायऱ्यांवर, गटारापर्यंत पांढरे तांदूळ पसरले होते. मास्तरांनी पायाशी पडलेले दोन दाणे उचलले.

“पोर रांगायला लागल्यापासून ही रोज माझ्या ओट्यावर तांदूळ निवडते, प्रणित. आज पहिल्यांदा सांडले.”