पाडून घेतलेली गाडी

एकदा एक गुरू होता. दाढी नाही, कमंडलू नाही, डोळे मिटून बसणं नाही. डोळे मिटले असते तर गिऱ्हाइकानं पाना पळवला असता. नाव गुलाब मिस्त्री, कोल्हापूरच्या बाहेर हायवेला गॅरेज. वय सत्तरीच्या पुढं. नक्की किती, असं विचारलं की म्हणायचा, "मीटरची केबल तुटलीय." मातीत उड्या मारत, चिखल उडवत मोटरसायकलच्या शर्यती होतात ना, त्यातली निम्मी पोरं ह्याच्या हाताखालून गेलेली. लोक त्याला चाचा म्हणायचे आणि सल्ला विचारायला रांग लावायचे. सल्ला कमी मिळायचा, शिव्या जास्त. तरी रांग हटत नव्हती, म्हणजे शिव्यांतच काहीतरी औषध असणार.

तर ह्या गुरूकडं एक शिष्य आला. शिष्य म्हणजे शेंबडं पोर नव्हे. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या, दारातून आधी पोट आत यायचं, मग तो. नाव रणधीर खराडे. एके काळी हा मातीत उतरला की बाकीचे दुसऱ्या नंबरसाठी भांडायचे. मग एका शर्यतीत पडला, आणि त्या दिवशी जी गाडी सोडली ती चौदा वर्षं सोडली. लग्न केलं, दोन पोरी झाल्या, फरशीचं दुकान टाकलं. सगळं छान चाललेलं. पण रस्त्यावरनं एखादी गाडी आवाज करत गेली की हा हातातला घास तसाच धरून बसायचा.

शेवटी बायकोच वैतागली. म्हणाली, "एक उन्हाळा देते तुम्हाला. जाऊन खेळा. जमलं तर म्हातारे होईपर्यंत खेळा. नाही जमलं तर परत त्या गाड्यांचं नाव घरात काढायचं नाही. खिडकीला तोंड लावून उसासे टाकणारा नवरा मला नको."

म्हणजे उन्हाळा एक आणि गाडी एक. गाडी चुकली की खेळ कायमचा खलास.

आता गाडी कुठली? इथंच सगळं घोडं अडलं. मातीतल्या गाड्या दोन जातींच्या. टू-स्ट्रोक म्हणजे हलकी, सडपातळ, पेट्रोलात तेल मिसळून पिणारी. आधी काहीच करत नाही आणि मग एकदम पिसाळते. आवाज पत्र्याचा डबा बडवल्यासारखा. फोर-स्ट्रोक म्हणजे अंगानं भरलेली, पहिल्यापासून ताकद लावणारी, आवाज कसा, तर पाटलानं चावडीवर खाकरल्यासारखा. रणधीर जुना टू-स्ट्रोकवाला. पण मित्रांनी त्याचं डोकं खाल्लं होतं. एक म्हणतो, टू-स्ट्रोकशिवाय मजा नाही. दुसरा म्हणतो, आता कोण वापरतं ती, म्युझियमला दे. रणधीरनं गेल्या वर्षीचे निकाल काढून बघितले. पहिले तिघं फोर-स्ट्रोकवर. झालं, ठरलं. आता फक्त गुरूनं मान हलवली की काम फत्ते.

म्हणून तो चाचाला घेऊन पारिसशेठकडं गेला. पारिसशेठ जुन्या डर्ट बाईक विकायचा. दुकानामागं लाल मातीचं मैदान, तिथं त्यानं दोन गाड्या उभ्या केल्या होत्या. निळी फोर-स्ट्रोक, पिवळी टू-स्ट्रोक.

"ही निळी बघा रणधीरभाऊ," शेठ सुरू झाला. "चॅम्पियन लोकांची गाडी. तुमच्यासारख्या माणसाला हीच शोभते. पिवळी नुसती उभी केलीय. सोबतीला."

रणधीर फुगला. मुळात फुगलेला होताच, अजून फुगला. "चाचा, इंजिन ऐकता का?"

चाचानं इंजिन ऐकलं नाही. टायर बघितला नाही, चेन बघितली नाही. निळ्या गाडीभोवती एक चक्कर मारली, स्टँड वर केला, हँडलला तळहात लावला आणि दिली ढकलून. धडाम! लाल धूळ शेठच्या पांढऱ्या शर्टावर.

"ओ मिस्त्री!" शेठ किंचाळला. "डोकं फिरलं काय?"

"न्हाई. तोल गेला."

"तुमचा?"

"गाडीचा." चाचा रणधीरकडं वळला. "उचल."

रणधीरला वाटलं, म्हाताऱ्याची गंमत असेल. हसत हसत वाकला, हँडल धरलं, उचलली.

"किक मार."

दुसऱ्या किकला गाडी खाकरली. रणधीरनं शेठकडं विजयी नजरेनं बघितलं. चाचानं इंजिन बंद केलं आणि परत ढकलली. धडाम!

"मिस्त्री, काही वाकलं तर?"

"वाकलं तर मी सरळ करून देतो. माती मऊ हाय. रडू नका." मग रणधीरला, "उचल. किक."

तिसऱ्यांदा उचलताना रणधीर बोलायचा बंद झाला. चौथ्यांदा कंबरेतनं काहीतरी 'कट्' वाजलं. ते गाडीचं नव्हतं. पाचव्यांदा इंजिन तापलेलं, सात किका मारल्या तेव्हा कुठं चालू झाली. सहाव्यांदा निम्मी वर आली आणि हातातनं निसटली, परत ओढून वर घेतली, किक मारून मारून पाय थरथरायला लागला. सातव्यांदा चाचानं पाडली तेव्हा रणधीरनं गाडीकडं बघितलं, मग पायाकडं बघितलं, आणि गाडीशेजारी मातीतच फतकल मारली.

"बास चाचा. गाडी चांगली हाय, मला पसंत हाय. कशाला छळालाय?"

चाचानं हात झटकले. जाऊन पिवळी पाडली. "ही उचल."

"आत्ता? दमलोय की मी!"

"दमलेलाच पाहिजे. ताजा माणूस काय, म्हैसपण उचलील."

रणधीर शिव्या गिळत उठला. पिवळीला हात घातला आणि स्वतःच दचकला, इतकी ती पटकन वर आली. एक किक, चालू. टणटणटण! परत पाडली. परत उचलली. चौथ्यांदा रणधीरच्या तोंडाला परत वाचा फुटली. सहाव्यांदा तो चाचाला म्हणाला, "तुमचा हात दुखत असंल तर मी पाडू का?" सातव्यांदा उचलून किक मारली आणि चाचानं न सांगताच मैदानाला एक चक्कर मारून आला. वळणावर खरोखरचाच आपटला, कुणी ढकललं नसताना. उठून, गाडी उचलून, हसत परत आला.

शेठला हे काही बरं दिसेना. "अहो, वजनात फरक किती? पंधरा किलो. एक गोडेतेलाचा डबा!"

"शेठ," चाचा म्हणाला, "तो डबा खांद्यावर घेऊन चार मजले चढा. पहिल्या मजल्याला ते गोडेतेल असतंय. चौथ्याला दुष्मन असतंय."

इथं रणधीरचा चेहरा पडला. गाडी पडली त्याचं काही नाही, पण चेहरा असा पडला की बस. "म्हणजे मी म्हातारा झालो, जाड झालो, म्हणून हलकी गाडी घे. असंच ना? मग गॅरेजात सांगायचं की. शेठसमोर तमाशा कशाला?"

चाचानं शेठकडं बघितलं. "शेठ, चहा सांगा. स्वतः जाऊन सांगा, फोनवर सांगितलं की चहावाला नुसतं गरम पाणी पाठवतो."

शेठ शर्ट झटकत गेला. मैदानात दोघंच राहिले, आणि दोन गाड्या, एक उभी, एक आडवी.

चाचानं रणधीरला मातीत बसवलं आणि स्वतःही शेजारी बसला. गुडघे वाजले त्याचे, पण बसला. "चौदा वर्षांपूर्वीच्या त्या शर्यतीत तू पहिला होतास. दोन फेऱ्या उरलेल्या. वळणावर पडलास. मला काय सांगितलंस?"

रणधीर मातीत बोटानं रेघा मारायला लागला. "इंजिन जाम झालं, म्हणून."

"हां. मग गाडी टेम्पोत घालून गॅरेजला आणली. खाली उतरवली. मी एक किक मारली." चाचा थांबला. "चालू झाली."

रणधीरचं बोट रेघेतच अडकलं. हायवेवरनं एक ट्रक हॉर्न देत गेला.

"तुम्हाला चौदा वर्षं माहीत होतं?"

"इंजिन मी बांधलेलं. मला न्हाई तर कुणाला माहीत असणार?"

"मग बोलला का न्हाई चाचा? लोक तुम्हाला म्हणत होते, मिस्त्रीचा हात गेला आता..."

"म्हणाले. थोडं दिवस गिऱ्हाईक कमी झालं. मग आलं परत. लोक काय, कुणीकडंपण वळतात. माझं काय बिघडलं न्हाई, गड्या. तुझंच बिघडलं." चाचानं आडव्या पडलेल्या निळ्या गाडीकडं हात केला. "तुला वाटतं तू पडायला भ्यालास. तसं न्हाई. पडल्यावर तू वर बघितलंस. दुसरा पुढं गेला, तिसरा गेला. तुझ्या मनानं घेतलं, आता पहिला येत न्हाई, मग उचलायची कशाला? उचलली न्हाईस. खोटं बोललास. आणि त्या खोट्याला तोंड द्यायला लागू नये म्हणून खेळच सोडलास. आज परत तसंच करालायस. निकाल काढून बघितलास, पहिल्या नंबरची गाडी शोधलीस. अरे लेका, चौदा वर्षांनी परत आलेला माणूस पहिला येत न्हाई. पडतो. उडीवर पडतो, वळणावर पडतो, चार माणसं बघत असताना उभ्या जागी पडतो. पळणारी गाडी पोरांनी शोधावी. परत येणाऱ्यानं एवढंच बघावं, दमून गेल्यावर कुठल्या गाडीला परत हात लावावासा वाटतोय. ती त्याची. फोर-स्ट्रोक वाईट न्हाई, उत्तम हाय. दम परत आला की पुढं घे, मी येतो बघायला. आणि हे तुझं औषध हाय, दुसऱ्याला देऊ नको. दुसरा आला तर त्याला मी निराळं काय तरी उचलायला लावीन."

एवढं लांब भाषण चाचानं आयुष्यात केलं नव्हतं. त्याचं त्यालाच कसंतरी झालं. उठायचं म्हणून त्यानं हात पुढं केला. रणधीरनं त्याला ओढून उभा केला, आणि मग निळ्या गाडीकडं गेला. वाकला. दोन वेळा घसरली. तिसऱ्यांदा दात ओठ खाऊन उभी केली, स्टँडला लावली, टाकीवरची माती बाहीनं पुसली.

तेवढ्यात शेठ तीन कप चहा घेऊन आला. बघितलं तर रणधीर पिवळीपाशी उभा. शेठचं तोंड कडू झालं. "घ्या बाबा, तुमची मर्जी. पण त्या दिवशी टू-स्ट्रोकनंच घात केला होता तुमचा, विसरू नका. मिस्त्री, राग मानू नका हां, पण ते इंजिन तुम्हीच बांधलेलं."

चाचा चहावर फुंकर मारत राहिला.

"शेठ," रणधीर म्हणाला. "ते इंजिन ठणठणीत होतं. मी गाडी उचललीच न्हाई. चाचांचं नाव मी फुकट घालवलं. इंजिननं घात केला असं आजपर्यंत ज्याला ज्याला सांगितलंत, त्याला आता हेपण सांगा."

शेठनं एकदा ह्याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघितलं. एवढी मोठी बातमी आणि सांगायला जवळ कुणीच नाही, त्याला चहा जाईना.

"प्या की," चाचा म्हणाला. "साखर बरोबर पडलीय आज."

पिवळी गाडी रणधीरनं घेतली. त्या उन्हाळ्यात तीन शर्यतींत उतरला. पहिल्या शर्यतीत चौदा जणांत तेरावा, कारण चौदाव्याची चेन तुटली. दुसऱ्या शर्यतीत अकरावा. तिसऱ्या शर्यतीत चार वेळा पडला, चारही वेळा उठला, आठवा आला आणि हेल्मेट काढून असा नाचला की पहिला आलेला पोरगा बाजूला उभा राहून विचारात पडला, नक्की जिंकलं कोण?

उन्हाळा संपला. रणधीर घाबरत घाबरत बायकोला म्हणाला, "आठवाच आलो गं."

ती त्याच्या कपड्यांतली माती मोरीत झटकत होती. "आठ वाजले तरी खिडकीपाशी गेला नाहीत आज," म्हणाली. "पुढच्या उन्हाळ्याला गुडघ्याची पट्टी चांगली घ्या. ही फाटलीय."

सोडलेलं काही परत धरायचं असेल तर पहिल्या दिवशी आपण किती पुढं जातो ते बघू नये. पडून पडून दमल्यावरही कुठल्या वस्तूला परत हात लावावासा वाटतोय, तेवढं बघावं आणि ती निवडावी.